अळणी वरण आणि काचेचा हंस

भुजंगराव मास्तरांनी हंस फोडला तेव्हा त्यांचा राग हंसावर नव्हताच. राग वरणावर होता. वरण अळणी झालं होतं. वरण अळणी झालं तर वरून मीठ घ्यावं, एवढं शहाणपण परतुरातल्या शेंबड्या पोरालाही आहे. पण भुजंगराव शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. पंधरा वर्षं पोरांनी काढलेले कुबडे घडे आणि चपटे पेरू तपासून त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग कायमचा मुक्कामाला आला होता. त्यांनी वाटी भिरकावली. ती भिंतीवर आदळायची ती फळीवर आदळली, फळीवरचा काचेचा हंस खाली शहाबादी फरशीवर आला, आणि त्यातली मान कुठली अन् शेपूट कुठलं, हे ड्रॉइंग मास्तरांनाही सांगता येईना.

हंस द्वारकाबाईंच्या माहेरचा. तोंडानं फुंकून केलेला, वीतभर उंच, दुधी रंगाचा. त्यांच्या वडिलांनी तो हैदराबादेहून आणला तेव्हा अख्खा प्रवास मांडीवर धरून केला होता. शेजारच्या माणसाला शिंक आली तरी ते उठून उभे राहत, असं सांगतात. लग्नात रुखवताच्या मधोमध तोच मांडला होता आणि वरपक्षाच्या बायका पुन्हा पुन्हा येऊन पाहून गेल्या होत्या. वडील वारले, हंस राहिला. आता तोही गेला.

द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "असू द्या." तुकडे सुपात भरले, फरशी पुसली, हंसाखालचा क्रोशाचा रुमाल झटकला आणि परत फळीवर होता तिथंच अंथरला. रिकामा.

त्या रिकाम्या रुमालानं भुजंगरावांचा जीव खाल्ला. बाई भांडली असती तर त्यांनी चार शब्द जास्त सुनावून विषय मिटवला असता. पण द्वारकाबाई भांडेनात. बोलणं "पाणी काढलंय" आणि "ताट वाढलंय" एवढ्यावर आलं. शिवाय त्या दिवसापासून वरणातलं मीठ इतकं बराबर पडू लागलं, की रागवायला कारण म्हणून मिळेना. रोज अगदी बेताचं मीठ! माणसानं असं किती दिवस जेवायचं?

'चुकलं' एवढा एक शब्द म्हटला असता तर प्रकरण संपलं असतं. पण भुजंगरावांच्या घराण्यात तो शब्द कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांच्या वडिलांचा बैल शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरला, तेव्हासुद्धा चूक ज्वारीची होती. त्यापेक्षा काचेची भट्टी घालणं भुजंगरावांना सोपं वाटलं.

ही सत्तावन्न सालच्या ज्येष्ठातली गोष्ट.

धावड्याचे कारभारीमामा त्या वेळी परतुरात लेकीकडे राहत. वीस वर्षं परमुलखातल्या एका कारखान्यात कंदिलाच्या काचा फुंकून फुंकून त्यांची छाती रिकामी झाली होती. भुजंगराव त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि काडीनं मातीवर हंस काढून दाखवला. दोन रेघांत.

"बघा. एवढंच हाय. यात काय अवघड हाय?"

कारभारीमामांनी हंसाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. "रेघ फुंकून फुगत न्हाई, मास्तर. अन् म्या उमर घातली कंदिलाच्या काचात. हंस न्हाई केला कधी. माझ्या छातीत आता फुंक बी न्हाई राह्यली. म्या सांगन, पण फुंकावं तुम्हालाच लागंल."

"फुंकतो की! त्यात काय शिकायचं असतंय?"

"तेच शिकायचं असतंय," मामा म्हणाले.

जागा सोहनलालशेठनं दिली. भुसार मालाचे जैन व्यापारी, तीन पिढ्या परतुरात, स्वभावानं देवमाणूस. रिकाम्या गोदामामागची मोकळी जागा त्यांनी मास्तरांना एका शब्दावर देऊन टाकली. भाडंसुद्धा घेईनात.

"जागा तुमचीच, मास्टरजी. फक्त एक अर्ज आहे. आमचा चौमासा लागतोय. दिवस मावळला की विस्तवावर किती जीव येऊन पडतात! तेवढी आग सूर्य बुडायच्या आत विझवत जा."

"बिलकुल!" भुजंगराव म्हणाले. कारभारीमामांना विचारून सांगावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मामांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. काचेची भट्टी म्हणजे काही घरची चूल नव्हे. ती एकदा पेटली की तीन-तीन दिवस विझू द्यायची नसते. तेव्हा कुठं काच मधासारखी हलायला लागते. इथं पहाटे पेटवायची, दिवसभर भाता ओढायचा, दुपार कलली की मुशीतली काच थंडीतल्या तुपाइतकी मऊ व्हायची, आणि तेवढ्यात गोदामाच्या दारात सोहनलालशेठ हात जोडून, आभाळाकडे बघत उभे! विझवा. रागवावं तर माणूस हात जोडून उभा, आणि कारण असं की त्यावर रागवणाऱ्याला किडे पडतील. विझवली की मूस, म्हणजे काच वितळवायचं मातीचं भांडं, थंड होता होता तडकायची. आषाढ-श्रावणात चार मुशी गेल्या. द्वारकाबाईंचा हंस एका वाटीत गेला होता.

बद्रीनाथांचं मत वेगळं होतं. बद्रीनाथ म्हणजे मास्तरांचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. स्टेशनवर पार्सलबाबू होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर 'जपून हाताळा' लिहीत आले, त्यामुळं प्रत्येक नाजूक कामात आपल्याला विचारलंच पाहिजे अशी त्यांची समजूत होती.

"नारळ फोडला होता का, मास्तर? भट्टी पेटवताना?"

"न्हाई."

"मंग बरोबरच हाय! विहिरीला फोडतात, चरकाला फोडतात, नव्या सायकलीला फोडतात. अन् तुम्ही एवढी भट्टी घातली तीही बिननारळाची?"

"काच वितळायला विस्तव लागतो, बद्रीनाथराव! नारळ न्हाई लागत!"

"न्हाई तर न्हाई," बद्रीनाथ शांतपणे म्हणाले. "पाचवी मूस बी जाती का न्हाई बघा."

पाचवी मूसही गेली. भुजंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग मुशीखाली लावता आली असती तर काच तासाभरात वितळली असती.

दरम्यान काच संपत आली. मास्तरांनी शाळेतल्या फुटक्या दौती, स्टेशनवरच्या सोड्याच्या बाटल्या, घरच्या आरशाचा उरलेला तुकडा, सगळं मुशीत घातलं होतं. बद्रीनाथांनी पुन्हा तोंड घातलं, "काच पाह्यजे ना? मंग घराघरात फुटक्या बांगड्या पडलेल्या असतात. मागा की!"

हे बोलणं बद्रीनाथांचं असलं तरी केलं भुजंगरावांनी, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. भर श्रावणात, मंगळागौरीच्या दिवशी, सवाष्णी नटूनथटून बसलेल्या असताना, एक ड्रॉइंग मास्तर हातात टोपली घेऊन गल्लीत उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "फुटलेल्या बांगड्या असतील तर टाका!"

बांगडी फुटली असं आपल्याकडं कुणी म्हणतं का? वाढवली म्हणतात. फुटते ती नवरा गेल्यावर. अख्ख्या गल्लीच्या सौभाग्यावर मास्तर टोपली घेऊन उठले होते. बद्रीनाथांच्या गोजरबाई सगळ्यांत आधी बाहेर आल्या. त्यांचा नवरा ओट्यावर सुपारी कातरत जिवंत बसलेला होता, तरी त्या त्याच्याकडं बोट करून म्हणाल्या, "ह्यांच्यावर टपले का तुम्ही, मास्तर? काय वाकडं केलं ह्यांनी तुमचं?"

काय वाकडं केलं याची यादी भुजंगरावांकडे तयार होती. पण तोवर चार बाजूंनी बायका सुरू झाल्या होत्या. टोपलीत एक बांगडी पडली नाही. बाकी पुष्कळ काही पडलं. बद्रीनाथांनी सुपारीवरची नजर वर केली नाही.

मग परवान्याचं उपटलं. भट्टी आहे म्हणजे परवाना पाहिजे, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं. परवाना कुठल्या खात्याचा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जुने कागद उर्दूतले, राज्य नवीन झालेलं, नवे छापील अर्ज अजून वाटेतच. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर करत भुजंगराव एका कारकुनापुढं आले.

"भट्टी कशाची?"

"काचेची."

कारकुनानं जुनं रजिस्टर उघडलं. "यात दोनच आहेत. चुन्याची अन् दारूची. चुना पाडता का?"

"न्हाई!"

"मग दारूत लिहितो," कारकून म्हणाला आणि खरोखरच लिहिलं.

आठ दिवसांनी एक साहेब भट्टीवर आले आणि त्यांनी मुशीचा वास घेतला. मग फुंकायच्या नळीचा घेतला. मग, बोलायलाही लाज वाटते, पण भुजंगरावांच्या तोंडाचा घेतला. ज्या माणसानं उभ्या जन्मात सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन केलं नाही, त्यानं गोदामामागं उभं राहून 'हाः' केलं. साहेब निघून गेले. पण बातमी निघून गेली नाही. मास्तरांनी भट्टी घातली आणि सरकारी माणूस वास घेऊन गेला, एवढंच गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर भट्टीपुढं दोन गिऱ्हाइकं हातात रिकामी बाटली घेऊन अदबीनं उभी!

"थोडी मिळंल का, गुर्जी? पहिल्या धारेची?"

भुजंगरावांनी दोन्ही बाटल्या हिसकावल्या आणि गोदामाच्या भिंतीवर आपटल्या. गिऱ्हाइकं पळाली. पण पिणारा माणूस आशा सोडत नाही. तिसऱ्या दिवशी पाच आले. चौथ्या दिवशी मंठ्याहून दोघं. भुजंगराव बाटल्या हिसकावत होते, आपटत होते, लाल होत होते, आणि भिंतीखाली हिरव्या काचेचा ढीग वाढत होता. कारभारीमामांनी त्यातला एक तुकडा उचलून उन्हात धरला.

"अव्वल काच हाय, मास्तर. तुमच्या रागाला एवढा एक उपयोग निघाला बघा."

कार्तिकी पौर्णिमेला चौमासा संपला. सोहनलालशेठ स्वतः येऊन सांगून गेले, "आता खुशाल ठेवा आग." नवी मूस बसली, भट्टी तीन दिवस पेटती राहिली, आणि चौथ्या दिवशी सकाळी मामांनी नळीचं टोक आत बुडवून फिरवलं तेव्हा त्यावर काच अशी आली, की भुजंगरावांनी नळीसाठी दोन्ही हात पुढं केले.

"आता फुंका. हळू."

भुजंगरावांनी फुंकलं. काच फुगली, पातळ झाली आणि फट्‌दिशी फुटली. दुसरी फुटली. तिसरी फुटली ती मिशीचा उजवा कोपरा घेऊन.

"मास्तर, तुम्ही रागानं फुंकून राह्यले."

"रागानं न्हाई!" भुजंगराव ओरडले.

"पाळण्यात लेकरू निजलंय, त्याच्या गालावर माशी बसली. ती फुंकून उडवायची, अन् लेकरू जागं व्हायला न्हाई पाह्यजे. तशी फुंक."

तशी फुंक भुजंगरावांच्या छातीत नव्हतीच. त्यांच्या छातीत बद्रीनाथ होते, तो कारकून होता, 'हाः' होतं, मंगळागौर होती. नळी तोंडाला लावली की सगळे एकदम बाहेर यायचे. पंधरा दिवसांनी फुटायचं थांबलं, पण आता निराळीच पंचाईत झाली. मामांच्या सांगण्याबरहुकूम जे निघायचं ते खाली फुगीर, वर निमुळतं, सरळ. कंदिलाची काच! एक, दोन, अकरा! मामांचे हात वीस वर्षं दुसरं काही शिकलेच नव्हते. बद्रीनाथ एक काच घेऊन गेले. त्यांच्या कंदिलाला ती अगदी बराबर बसली, असं त्यांनी चार माणसांत सांगितलं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी भाता ओढणारा गडी आला नाही. भुजंगराव नळी घेऊन उभे, मामा खोकून बेजार, आणि दारात कोण? द्वारकाबाई. हातात भाकरीचं गाठोडं. सहा महिन्यांत त्या भट्टीकडे फिरकल्या नव्हत्या. नवरा रोज काळा होऊन कुठं जातो, हे गावानं त्यांना सांगितलं होतं, नवऱ्यानं नाही. त्यांनी मास्तरांच्या अर्ध्या मिशीकडं पाहिलं. फोडांनी भरलेल्या हातांकडं पाहिलं. भिंतीवर कोळशानं काढलेल्या हंसाकडं पाहिलं, आणि तिथं जरा जास्त वेळ पाहिलं. मग गाठोडं ठेवलं, पदर खोचला आणि भात्याला हात घातला.

भुजंगरावांना एकाएकी भीती वाटली. आता हे हिच्यादेखत फुटलं तर? भीतीनं राग कुठल्याकुठं पळाला. त्यांनी नळी तोंडाला लावली आणि इतकं हळू फुंकलं की फुंकलं का नाही हे त्यांचं त्यांनाच कळेना. काच फुगली. गोल झाली, जराशी लांबट झाली. "थांबा!" मामा कुजबुजले. पोट झालं होतं. मामांनी नळीवरून पोट सोडवलं, तिथल्या भोकावर तापलेल्या काचेचा दुसरा गोळा चिकटवला, आणि भुजंगरावांनी चिमट्यानं त्याची मान ओढली, वर, मागं, पुन्हा पुढं. शेवटी टोकाला एक बारीकसा चिमटा, चोचीचा. हंस! कारल्याच्या सालीसारखा हिरवा, एका अंगाला जरा सुजलेला, पण त्याला कुणी बदक म्हटलं असतं तर भुजंगरावांनी त्याचा जीव घेतला असता.

"आता राखंत पुरायचा," मामा म्हणाले. "गरम राखंत, मानेसकट. उद्या सकाळपस्तोर बघायचा बी न्हाई. हळूहळू निवला तरच टिकंल."

पण राख पुरेना. सहा महिने भट्टी जळत होती, राखेचा डोंगर व्हायला हवा होता. डोंगर गल्लीत गेला होता. भट्टीची राख भांड्यांना फार छान, असा शोध गोजरबाईंनी लावला होता, आणि बांगड्यांचं सगळं विसरून बायका रोज टोपल्या भरभरून नेत होत्या. उरलेल्या राखेत हंसाचं पोट कसंबसं बुडालं. मान बाहेर राहिली. मामा राख आणायला लेकीच्या चुलीकडं पळाले.

तेवढ्यात बातमी फुटली. बद्रीनाथ आले, गोजरबाई आल्या, सोहनलालशेठ आले, बाटल्या गमावलेले दोघं-तिघंही आले. राखेतून वर आलेली हिरवी, वाकडी मान बघायला माणसं टाचा उंचावून उभी राहिली. सोहनलालशेठनं हात जोडले. द्वारकाबाई भात्याजवळ उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा भुजंगरावांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा धडपणे पाहिला. ते तिकडं बघत राहिले, म्हणून त्यांचं बद्रीनाथांकडं लक्ष नव्हतं.

बद्रीनाथांच्या धोतराच्या सोग्यात नारळ होता. सहा महिने होता, म्हणे.

"आता तरी ऐका, मास्तर!" असं म्हणत त्यांनी तो भट्टीच्या कडेवर आपटला. नारळ एका फटक्यात फुटला, पाणी उडालं, आणि त्यातलं ओंजळभर त्या तापलेल्या मानेवर पडलं.

टण्ण!

मान तुटून राखेत पडली. चोच वेगळी, वळण वेगळं. खाली राखेत पोट तेवढं राहिलं, वर एक भोक घेऊन.

सगळ्यांनी भुजंगरावांकडं पाहिलं. गोजरबाईंनी नवऱ्याचा हात धरून त्याला मागं ओढलं. भुजंगराव लाल झाले, मग जांभळे झाले, त्यांनी छातीभर हवा घेतली, तोंड उघडलं. पण त्यांची नजर अजून भात्याजवळच अडकलेली होती. द्वारकाबाईंच्या तोंडावर तेच आलं होतं. असू द्या. तो शब्द आता बाहेर पडणार, हे त्यांना दिसलं.

"चुकलं," भुजंगराव म्हणाले. "माझं चुकलं."

"नाही नाही, असं कसं," बद्रीनाथ घाईघाईनं म्हणाले, "नारळ मी फोडला—"

"तुम्ही गप बसा!" हे द्वारकाबाई म्हणाल्या. परतुरात त्यांचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. तो ऐकून बद्रीनाथ खरंच गप बसले, राखेत बसले. "नारळ कुठं फोडावा एवढं कळत न्हाई, अन् जगाला शिकवीत फिरून राह्यले! अन् गोजरबाई, तुमच्या भांड्यांना माझ्या घरचीच राख सापडली व्हय? अन् तुम्ही!" त्या नवऱ्याकडं वळल्या. "सहा म्हैने! एवढा एक शब्द बोलायला सहा म्हैने लागले तुम्हाला? हात भाजून घेतले, मिशी जाळून घेतली, गावात दारूवाले म्हणवून घेतलं, मंगळागौरीला मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई! तव्हाच म्हणला असता तर? माझ्या बापानं मांडीवर आणल्ता तो! वरणाच्या पायी फोडला! मीठ इसरलं तर इसरलं, माणूस हाय का रजिस्टर हाय मी?"

आणखी पुष्कळ बोलल्या. कारभारीमामा राखेचं घमेलं घेऊन आले ते घमेलं डोक्यावर घेऊनच ऐकत राहिले. लोक एकेक करून पांगले. भुजंगराव मान खाली घालून उभे होते. शब्द न शब्द त्यांना लागत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बाई एवढ्यात थांबू नये असं त्यांना वाटत होतं.

मामांनी ती राख पोटावर घातली. तिसऱ्या दिवशी ते अख्खं निघालं.

पुढच्या रविवारी भुजंगराव जेवायला बसले तर फळीवर क्रोशाचा रुमाल नव्हता. तो ताटाशेजारी पाटावर अंथरला होता, आणि त्यावर हंसाचं हिरवं पोट ठेवलं होतं. भोकाच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. आत काठोकाठ मीठ.

"वरणात मीठ घातलेलं न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "इथून पुढं घालणार बी न्हाई. लागंल तेवढं हातानं घ्या."

भुजंगरावांनी चिमूटभर घेतलं. हात अजून फोडांनी जड होता, त्यामुळं जरा जास्तच पडलं. वरण खारट झालं. ते सगळं जेवले आणि पुन्हा वरण मागितलं.